खिळ्यांचं वजन

जुन्या फाँटमध्ये अडकून पडलेला मराठी मजकूर युनिकोडमध्ये आणायचा आणि तपासून द्यायचा, हा सध्या माझा धंदा. बँकेच्या फॉर्मवर ‘व्यवसाय’ या रकान्यात एवढं मावत नाही, म्हणून मी ‘छपाई’ लिहितो. खरं तर छपाई मी केव्हाच बंद केली. लग्नकार्यात कुणी विचारलं तर बायको ‘कॉम्प्युटरचं काहीतरी करतात’ म्हणून विषय मिटवते. मग समोरच्याला वाटतं, हा लॅपटॉप दुरुस्त करतो. एकदोघांनी आणूनही दिलेत.

या कामात मी ठरवून आलो नाही. ज्या धंद्याला लहानपणापासून नाकं मुरडली त्याचंच शेपूट धरून आज पोट भरतोय, आणि वाटेत जी माती खाल्ली तिला दरवेळी एकच सबब दिली : काळ बदलला. छापखान्याच्या धंद्यात ही सबब छान खपते, कारण काळ खरोखरच बदलला होता. पण काळ कुणाच्या दुकानात येऊन भंगारवाल्याला हाक मारत नाही. ती मी मारली.

सांगलीत मारुती चौकाच्या मागच्या बोळात अण्णांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, छापखाना होता. दोन ट्रेडल मशीन, एक कटिंग मशीन आणि भिंतीला लागून खिळ्यांच्या, म्हणजे शिशाच्या सुट्या अक्षरांच्या, केसेस. पावतीपुस्तकं, लग्नपत्रिका, हळदीच्या अडत्यांची बिलबुकं, सोसायट्यांचे वार्षिक अहवाल, निवडणुका लागल्या की हस्तपत्रकं. अण्णा स्वतः दुसऱ्याच्या छापखान्यात जुळारी, म्हणजे खिळे जुळवणारे, म्हणून लागले होते. १९७२ साली त्यांनी हा छापखाना घेतला. त्याच वर्षी मामा त्यांच्याकडे जुळारी म्हणून आले. मामा म्हणजे नात्यातले नव्हेत. अख्खी गल्लीच त्यांना मामा म्हणायची.

खिळ्यावरचं अक्षर उलटं असतं. अण्णा आणि मामा ते सरळ असल्यासारखं वाचायचे. डाव्या हातात खिळे लावायची स्टिक, उजवा हात केसच्या खणांवरून फिरतोय, नजर हस्तलिखितावर. हाताकडे बघायची गरजच नाही. कोणतं अक्षर कुठल्या खणात, हे बोटांना पाठ. इंग्रजीला सव्वीस अक्षरं आणि त्यांची मोठी रूपं घेतली की काम भागतं. देवनागरीला अख्खी अक्षरं, अर्धी अक्षरं, जोडाक्षरं, वेलांट्या, उकार, रफार असे शेकडो खण लागतात. प्रूफ निघालं की दोघं समोरासमोर बसत. मामा मूळ कागदावरून मोठ्यानं वाचत, अण्णा प्रूफवर बोट फिरवत. मामा नुसते शब्द वाचत नसत. स्वल्पविराम, पूर्णविराम, ‘चि.’, ‘सौ. कां.’, सगळं उच्चारून वाचत. शाळेतून आलो की तो आवाज कानावर पडायचा आणि मला लाज वाटायची. वर्गातल्या पोरांचे बाप कारखान्यात क्लार्क, बँकेत कॅशियर, नाहीतर डॉक्टर. माझ्या बापाच्या नखात शाई.

दर दसऱ्याला मशीनची पूजा झाली की अण्णा जावजी दादाजींची गोष्ट सांगायचे. जावजी लहानपणी अमेरिकन मिशनच्या छापखान्यात खिळे घासायला होते आणि पुढे १८६९ मध्ये त्यांनी निर्णयसागर काढला. मला त्या गोष्टीतलं एवढंच ऐकू यायचं, की हा माणूस मला खिळे घासायला लावणार.

त्यांनी तसं कधी म्हटलं नव्हतं. हे आज लिहिताना स्वतःलाच पुन्हा सांगावं लागतंय, कारण माझ्या डोक्यात वर्षानुवर्षं उलटीच कहाणी होती. बापानं मला छापखान्यात जुंपायचं ठरवलं होतं आणि मी इंजिनिअरिंगला जाऊन सुटलो, अशी ती कहाणी. प्रत्यक्षात बारावीचा निकाल लागल्यावर अण्णांनी एकच विचारलं होतं, “तुला काय करायचंय?” मला काय करायचंय ते मला ठाऊक नव्हतं. मित्र इंजिनिअरिंगला चालले होते, म्हणून मी इंजिनिअरिंग म्हणालो.

हे १९८९ चं. सहा वर्षांपूर्वी, वसंतदादा मुख्यमंत्री असताना, विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी मिळाली होती आणि आमच्या भागात कॉलेजं निघाली होती. वालचंद कॉलेजला लागायचे मार्क माझ्याकडे नव्हते. दुसरीकडे सीट होती, पण देणगी चाळीस हजार. कॅपिटेशन फी घ्यायला बंदी करणारा राज्याचा कायदा १९८७ मध्येच झालेला होता, त्यामुळे त्या चाळीस हजारांची पावती मिळत नव्हती. जन्मभर जिल्ह्याची पावतीपुस्तकं छापलेल्या माणसानं स्वतःच्या आयुष्यातली सगळ्यात मोठी रक्कम विनापावती मोजली. बसमध्ये ते पैसे त्यांनी पिशवीत, खाली पत्रिकांची कोरी कार्डं आणि वर टॉवेल, असे नेले होते. मी शेजारीच बसलो होतो. खिडकीची जागा माझी.

ते चाळीस हजार कुठून आले हे मी विचारलं नाही. अण्णा ऑफसेट मशीन घ्यायला पैसे साठवत होते, हे मला माहीत होतं. मिनी ऑफसेट. कोल्हापुरात जाऊन ते बघूनही आले होते. ट्रेडलचे दिवस भरत आलेत, हे त्यांना माझ्या कितीतरी आधी कळलं होतं.

कॉलेजात मी पहिल्या वर्षी दोन विषयांत अडकलो. एटीकेटीवर दुसऱ्या वर्षात गेलो आणि तिथे वायडी झालो. वायडी म्हणजे इयर डाऊन, वर्ष गेलं. घरी सांगितलं नाही. पुढचं वर्ष मी तिसऱ्यात आहे असंच घरी चाललं होतं. फी घेतली, मेसचे पैसे घेतले. अण्णा मशीनमनला अभिमानानं सांगायचे, ‘थर्ड इयरला आहे’, आणि मी मागे उभा राहून ऐकायचो. खोटं पचतं ते असं. ते आपल्या तोंडून नव्हे, तर आपल्यावर जीव असलेल्या माणसाच्या तोंडून गावभर फिरतं, आणि आपण फक्त गप्प राहायचं. शेवटी ताईच्या सासरचं कुणीतरी त्याच कॉलेजात निघालं आणि बिंग फुटलं. आईनं दोन दिवस माझ्याशी बोलणं टाकलं. अण्णा म्हणाले, “परत बसणार आहेस का परीक्षेला?” मी नाही म्हणालो. ते म्हणाले, “मग सामान घेऊन ये. खोलीचं भाडं वाया जातंय.”

याच्यापुढचं सांगायला मला जास्त जड जातं. परत आल्यावर वर्षभरातच मी अण्णांना ऐकवायला लागलो की तुम्ही वेळेवर ऑफसेट घेतलं नाही, म्हणून गिऱ्हाईक तुटतंय. अगदी याच शब्दांत, मशीनमनसमोर. त्यांनी एकदाही म्हटलं नाही की ऑफसेटचे पैसे तुझ्यावर गेले. कदाचित वाद नको म्हणून असेल. किंवा मला ते माहीत नाही असं त्यांना वाटत असेल, आणि ते कळू नये अशीच त्यांची इच्छा असेल. मी मात्र माहीत असून बोलत होतो.

१९९३ मध्ये मी कर्ज काढून संगणक आणि लेझर प्रिंटर घेतला. सांगलीत तोवर डीटीपीवाले दोनचार झाले होते. पुण्याहून मराठी फाँटचं सॉफ्टवेअर आणलं. त्याच्यासोबत एक छोटं कुलूप यायचं, डाँगल. ते प्रिंटरच्या पोर्टला खोचल्याशिवाय मराठी उमटायचं नाही. कीबोर्ड मला लवकर जमला. मामांना चार तास लागणारं पान मी पाऊण तासात लावायला लागलो आणि डोक्यात हवा गेली. डीटीपीवरून बटर पेपरवर प्रिंट काढायची, ती दुसऱ्याच्या ऑफसेटवर छापून आणायची, मधलं कमिशन आपलं. केसेस, ट्रेडल, मामा, सगळी अडगळ वाटू लागली.

पुढच्या वर्षी अण्णा मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी मिरजेला होते, तेव्हा मी भंगारवाल्याला बोलावलं. मुद्दाम तेव्हाच. ते समोर असते तर मला ते जमलं नसतं, हे मला पुरतं माहीत होतं.

खिळे म्हणजे शिसं, त्यात कडकपणासाठी अँटिमनी आणि कथील. अर्धं पोतं भरलं तरी दोन माणसं लागतात उचलायला. भंगारवाल्याच्या पोरांनी केसेस एकेक करून ओढल्या आणि पोत्यात उपड्या केल्या. बारा पॉइंट, सोळा पॉइंट, चोवीस पॉइंट, सगळं एकत्र. अण्णांनी एकदा माझ्या हातून एक केस सांडली म्हणून मला सुट्टीतले तीन दिवस जमिनीवर बसवून खिळे खणाखणांत परत लावायला लावले होते. इथे वीस मिनिटांत दोन भिंती रिकाम्या झाल्या. ताणकाट्यावर पोती लटकवून वजन झालं, साडेसहाशे किलो. मी आकडा वहीत लिहून घेतला. मामा दारात उभे होते. त्यांनी वहाणा घातलेल्या नव्हत्या. छापखान्यात ते अनवाणीच काम करायचे.

संध्याकाळी मी मामांना दोन हजार रुपये दिले आणि सांगितलं, आता मशीनवर काम नाही, लागलं तर बोलावतो. बावीस वर्षं ते आमच्याकडे होते. शेवटचा पगार महिना नऊशे. दोन हजार म्हणजे दोन महिन्यांहून जास्त झाले, असा हिशोब मी मनाशी केला आणि मला तो उदार वाटला. ग्रॅच्युइटीचा कायदा मला ऐकून माहीत होता. पण तो दहा किंवा जास्त कामगार असले तरच लागतो, हेही माहीत होतं. आमच्याकडे चार माणसं. कायद्यात बसत नाही म्हणून विषय संपला.

अण्णा घरी आले, डोळ्यावर हिरवी पट्टी. दुसऱ्या दिवशी नको नको म्हणताना दुकानात आले. एका डोळ्यानं भिंतीकडे बघत बराच वेळ उभे राहिले. मी आधीच भाषण तयार ठेवलं होतं : जागा मोकळी होईल, काळ बदललाय, पुण्यात आता कुणी खिळे वापरत नाही. ते बोलायची वेळच आली नाही. त्यांनी विचारलं, “किती वजन भरलं?”

“साडेसहाशे.”

“आठशेच्या वर पाहिजे. काटा मारला तुला त्यानं.”

आणि खुर्चीवर बसले. मामांबद्दल त्यांनी त्या दिवशी विचारलं नाही. आठवड्याभरानं विचारलं, तेव्हा मी आकडा सांगितला. ते उठून बाहेर गेले आणि रात्री उशिरा आले. कुठे गेले होते ते आईलाही सांगितलं नाही. पण त्यानंतर मरेपर्यंत, म्हणजे २००८ पर्यंत, दर दिवाळीला ते मामांकडे जायचे. मला कधी बरोबर नेलं नाही आणि मीही कधी येतो म्हणालो नाही.

मधली वर्षं पैशाची गेली. बरी गेली. तेव्हा डीटीपी म्हणजे नोटा छापायचं मशीन होतं. ती वर्षं लांबवून सांगण्यात अर्थ नाही. एक गोष्ट मात्र सांगायला हवी, कारण गावात ती अजून सांगतात.

प्रूफ दोघांनी वाचायची पद्धत मी मोडून टाकली होती. एक माणूस वाचतोय आणि दुसरा ऐकतोय, यात दोघांचा वेळ जातो, असं माझं शहाणपण. अण्णा एकटेच प्रूफं वाचत बसायचे, कोपऱ्यात, मोठ्यानं, समोर कुणी नसताना. ते मी कौतुकानं नव्हे, खपवून घेतल्यासारखं चालू दिलं होतं. लग्नसराईत तेवढंही थांबायला वेळ नसायचा. जुन्या पत्रिकेची फाईल उघडायची, नावं बदलायची, प्रिंट काढायची. असंच एकदा एका पत्रिकेत मुलीच्या आजोबांच्या नावामागे आधीच्या पत्रिकेतलं ‘कै.’ राहून गेलं. पाचशे पत्रिका छापल्या, घरी गेल्या, निम्म्या वाटूनही झाल्या. तिसऱ्या दिवशी आजोबा स्वतः दुकानात आले. धोतर, काळी टोपी, हातात पत्रिका. शांतपणे म्हणाले, “मी कधी वारलो, तेवढं सांगा. म्हंजे वर्षश्राद्धाची तारीख धरायला बरी.”

मी हसलो. वाटलं, गंमत करताहेत. ते गंमत करत नव्हते. घरात त्यावरून रडारड झाली होती. सुनेनं शांत करून घ्यायची म्हणून भटजी बोलावले होते. सगळ्या पत्रिका मी फुकट नव्यानं छापून दिल्या. पण वाटलेल्या परत कशा येणार? अण्णांनी त्या आजोबांना खुर्ची दिली, चहा मागवला आणि म्हणाले, “चूक आमची. प्रूफ मी वाचलं होतं.” त्यांनी ते वाचलं नव्हतं. मी ते त्यांच्यापर्यंत जाऊच दिलं नव्हतं. आणि मी तिथे उभा राहून बापाला माझी चूक अंगावर घेऊ दिली, थर्ड इयरच्या वेळी राहिलो होतो तसाच गप्प.

युनिकोडचं नाव मी २००० च्या आसपास पहिल्यांदा ऐकलं. विंडोजमध्ये देवनागरी आली, र. कृ. जोशींनी काढलेला मंगल फाँट आला. मी तो लावून बघितला. ‘ल’ हिंदी वळणाचा दिसला आणि मी लगेच निकाल दिला : हे आपल्याकडे चालणार नाही. अण्णांचा ‘ल’वर जीव होता, माझा नव्हता. पण नवीन काही शिकायचं टाळायला तेवढं कारण मला पुरलं. काळ बदलला म्हणून बापाचे खिळे विकणारा मी, स्वतःवर वेळ आली तेव्हा काळाला म्हणालो, तू चालणार नाहीस. पुढे दहा-बारा वर्षं मी गिऱ्हाइकांना जुन्याच फाँटमध्ये मजकूर लावून देत राहिलो. सीडी हातात द्यायचो आणि म्हणायचो, “आता हे कायमचं राहिलं बघा.”

त्यातली मेख अशी. त्या फाँटमध्ये मराठी अक्षर साठवलेलंच नसतं. साठवलेली असतात इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं. फाँट त्यांच्यावर मराठीचा मुखवटा चढवतो. फाँट गेला की खाली नुसता भुसा : उलटेसुलटे स्वल्पविराम, पौंडाच्या खुणा, अर्धवट कंस. त्यात काही शोधता येत नाही आणि अंध वाचकाच्या संगणकाला त्यातलं एक अक्षर वाचून दाखवता येत नाही. युनिकोडमध्ये ‘क’ हा ‘क’ म्हणूनच साठवला जातो, फाँट कुठलाही लावा.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेला पूर आला. आयर्विन पुलापाशी पाणी सत्तावन्न फुटांवर गेलं. २००५ मध्येही दुकानात पाणी आलं होतं. तेव्हा शहाणा झालो असतो तर बॅकअप विश्रामबागच्या घरी हलवले असते. ते मी हलवले नव्हते. सगळं खालच्या कपाटात होतं, कारण वरच्या फळीवर कोरे कागद होते आणि कागद भिजले तर पैशाचं नुकसान. पाणी ओसरल्यावर कपाट उघडलं तेव्हा सीड्या, हार्ड डिस्का, डाँगल, सगळं गाळात. ज्यांचं काम तिथे होतं ते लोक आपापल्या घरातला चिखल काढत होते, त्यामुळे पहिले दोन महिने कुणी काही बोललं नाही. मग एक निवृत्त मास्तर आले.

त्यांनी आयुष्यभर तालुक्यातल्या गावांची माहिती गोळा केली होती. देवळं, वीरगळ, विहिरी, आडनावं. १९९८ मध्ये चारशे पानं माझ्याकडून टाइप करून घेतली होती. एक सीडी त्यांच्या घरी, माळ्यावर वाचली होती. पुण्याच्या प्रकाशकानं पुस्तक घ्यायचं कबूल केलं होतं, पण त्याला मजकूर युनिकोडमध्ये हवा होता. मास्तर म्हणाले, “तूच म्हणाला होतास कायमचं राहील.” त्यांच्या आवाजात राग नव्हता. हातानं लिहिलेले मूळ कागद टाइप झाल्यावर त्यांनी रद्दीत दिले होते, माझ्या शब्दावर विसंबून.

ती फाईल उघडली तर अर्थातच भुसा. मी माझ्या लेकीला फोन केला.

आता लेकीचं सांगायला हवं. बारावीनंतर तिला भाषाशास्त्र शिकायचं होतं. पुण्यात डेक्कन कॉलेजात ते शिकवतात, हे तिनं स्वतः शोधून काढलं होतं. आधी संस्कृत घेऊन बी.ए. करायचं, मग तिकडे. ती मला कागदावर सगळं मांडून दाखवत होती आणि मी तो कागद पुरता वाचलाही नाही. म्हणालो, “ह्यात पोट भरत नाही. आधी इंजिनिअर हो, मग काय ते कर.” माझ्या बापानं मला विचारलं होतं, तुला काय करायचंय. मी तिला विचारलं नाही, आणि तिनं न विचारता सांगितलं तेव्हा ऐकलं नाही. ती हुशार निघाली. चार वर्षांत सगळे विषय सुटले, डिग्री झाली, हिंजवडीत नोकरी लागली. माझ्या नावावर न जमलेली डिग्री तिनं मिळवून दिली, असंही मी एकदा नातेवाइकांत म्हणालो. ती समोर होती. नंतर तिनं आईला विचारलं, “मी काय त्यांचं बॅकलॉग होते का?” हे मला बायकोनं सांगितलं.

मास्तरांच्या फायलीचं काम सुरू झालं आणि मागोमाग २०२० चं लॉकडाऊन आलं. ती घरूनच काम करत होती, सांगलीत. रात्री जेवण झाल्यावर आम्ही दोघं त्या चारशे पानांना बसायचो. ती प्रोग्रॅम लिहायची, मी अक्षरं सांगायचो. तिला प्रोग्रॅम येत होता, पण जुन्या फाँटची घडण माहीत नव्हती. ती माझ्या बोटांत होती. जुन्या फाँटमध्ये ‘ग’ हा एक नसतो, अर्धा ग आणि पुढे काना असे दोन तुकडे असतात. पहिली वेलांटी दिसते डावीकडे, म्हणून टाइपही आधी होते. युनिकोडला ती व्यंजनानंतर लागते. ‘स्थिती’ घ्या. पहिली वेलांटी नुसती ‘स्’च्या पलीकडे नेऊन भागत नाही, अख्ख्या जोडाक्षराच्या पलीकडे न्यावी लागते. रफाराचं उलट. ‘सर्व’मध्ये तो ‘व’च्या नंतर टाइप केलेला असतो, त्याला उचलून ‘व’च्या आधी बसवायचा. ‘दुसऱ्या’मधला अर्धा ‘र’ तर युनिकोडमध्येही दोन रीतींनी लिहिता येतो. दिसायला सारखा, शोधायला गेलात तर वेगळा. ‘ॲ’चा घोळ आणखी मोठा. त्याचं मराठीला हवं तसं स्वतंत्र अक्षर युनिकोडमध्ये २००८ मध्ये आलं, तोवर लोकांनी ‘अ’ला चंद्र लावून नाहीतर ‘ए’ला चंद्र देऊन भागवलेलं. तेव्हा एका माणसाच्या पुस्तकात ‘ॲडव्होकेट’ तीन तऱ्हांनी सापडतो आणि संगणकाच्या लेखी ते तीन वेगळे वकील असतात.

अर्धं अक्षर, काना, वेलांटी, रफार असे तुकडे उचलून शब्द जुळवायचा. हेच तर मामा करायचे. हे माझ्या लक्षात आलं तेव्हा मी ते लेकीला सांगितलं. आजोबांच्या छापखान्याबद्दल तिला फारसं माहीत नव्हतं. मी घरात तो विषयच निघू दिला नव्हता. तिनं विचारलं, खिळा आहे का एखाददुसरा, बघायला? नव्हता. अण्णांनी एक स्टिक ठेवली होती, तीही पुरात गेली.

प्रोग्रॅम झाला तरी प्रूफ वाचावं लागतंच. लेक मोठ्यानं वाचायची, मी पडद्यावर बघायचो. दुसऱ्या रात्री ती थांबली आणि म्हणाली, “मला हेच शिकायचं होतं. तुम्ही म्हणालात पोट भरत नाही. आता तुमचं कशावर भरणार आहे?” ती हे हसत म्हणाली नाही. मी म्हणालो, “चुकलं माझं.” त्यावर ती “वाचू पुढे?” म्हणाली आणि पुढचा परिच्छेद वाचायला लागली. माफ केलं असं ती म्हणाली नाही. आजही म्हटलेलं नाही. नोकरी ती करतेच आहे. मास्तरांच्या पुस्तकानंतर कामं येत गेली. कुणाच्या वडिलांचे लेख, बंद पडलेल्या दिवाळी अंकाच्या फायली, एका सोसायटीचे पंधरा वर्षांचे अहवाल. प्रत्येक वेळी तिचा प्रोग्रॅम वापरतो तेव्हा मी तिला पैसे देतो. पहिल्यांदा देऊ केले तेव्हा वाटलं, नको म्हणेल. तिनं दर विचारला, ठरवला आणि दर महिन्याला बिल पाठवते.

ते बिल बघूनच मी मामांचा हिशोब करायला बसलो. ग्रॅच्युइटीचं सूत्र सोपं आहे : शेवटचा पगार गुणिले पंधरा, भागिले सव्वीस, गुणिले नोकरीची वर्षं. नऊशे पगार, बावीस वर्षं. येतात ११,४२३ रुपये. त्यातले दोन हजार दिलेले. बाकी ९,४२३. कायद्यानं देणं लागत नव्हतो, आजही लागत नाही.

मामा जाऊन बरीच वर्षं झालीत. त्यांचा मुलगा कुपवाडच्या एमआयडीसीत कामाला आहे. माधवनगर रोडला दोन खोल्यांचं घर. साडेनऊ हजार पाकिटात घालून गेलो. त्यानं ओळखलं, बसायला सांगितलं, बायकोला चहा ठेवायला लावला. मी काय सांगायचं ते सांगितलं. वाटेत मनाशी पुष्कळ घोकलेलं होतं, त्यातलं निम्मं बोललो असेन. त्यानं मध्ये तोंड घातलं नाही. मग पाकीट उघडलं, माझ्यासमोर नोटा मोजल्या आणि विचारलं, “हे तेव्हाचे ना? चौऱ्याण्णव सालचे?”

मी हो म्हणालो.

“मग ह्याचं व्याज?”

व्याजाचा मी विचारच केला नव्हता. तो म्हणाला, “दादा त्या वर्षी रिक्षा घेणार होते. बँकेला भरायला धा हजार कमी पडत हुते.” तो वडिलांना दादा म्हणत होता. मला हे माहीत नव्हतं.

चहा झाला. घरी येऊन आठ टक्क्यांनी चक्रवाढ लावून बघितली. सव्वीस वर्षांचे सत्तर हजारांच्या आसपास होतात. त्या काळी पोस्टात आठपेक्षा जास्त मिळायचं, पण तो आठ टक्क्यांना तयार झाला. निम्मे दिलेत. बाकीचे, काम येईल तसे, दर महिन्याच्या दहा तारखेला त्याच्या खात्यावर टाकतो. गेल्या महिन्यात उशीर झाला, तर त्याचा फोन आला होता.